बाराव्या रांगेतले टिश्यू

मला आवाज सहन होत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून सिंगापूरमधल्या आमच्या बेडोकच्या ब्लॉकमधलं कुणी माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली तरी तक्रारीचा ईमेल लिहायला बसणारी बाई मी. बँकेत माझं काम म्हणजे सगळे नियम पाळतात की नाही ते बघणं, आणि नवऱ्याच्या मते मी ते काम घरीही चालू ठेवते. अशी मी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी एका अमेरिकन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये बाकावर चढून उभी राहिले आणि घसा बसेपर्यंत ओरडले. पुढचे चार दिवस मी ऑफिसच्या मीटिंगांमध्ये मान हलवून कामं केली.

कारण अर्थात लेक. ती तिकडे इंजिनीअरिंग शिकायला गेली, त्याला आता दुसरं वर्ष. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर टॉवेलनं केस पुसता पुसता तिनं सांगून टाकलं की ती विद्यापीठाच्या मार्चिंग बँडमध्ये आहे. तिकडे फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात हा बँड मैदानात उतरतो, वाजवत वाजवत चालतो, चालता चालता आकृत्या करतो. ती सूझाफोन वाजवत होती. सूझाफोन म्हणजे ट्यूबाचा चालताना वाजवायचा प्रकार, अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर घेतात आणि त्याचं परातीएवढं पितळी तोंड डोक्याच्या वर येतं. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, मागच्या वर्षीपासून.

ती बँडमध्ये गेली याचं मला काही वाटलं नाही. वर्षभर मला सांगितलं नाही, हे लागलं. आणि का सांगितलं नाही ते मला पक्कं ठाऊक होतं.

इथल्या शाळेत असताना ती बँडमध्ये ट्यूबा वाजवायची. लिफ्टमध्येसुद्धा ओठांनी तिचा भाग वाजवत उभी राहायची, पंप पंप पंप, आणि शेजारच्या चिनी आजी तिच्याकडे बघून हसायच्या. मग सेकंडरीचं शेवटचं वर्ष आलं. सराव परीक्षेत गणिताचे मार्क घसरले. बँडची मोठी स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. मी तिच्या शिक्षिकेला ईमेल लिहिला, चार ओळींचा, मुद्देसूद, की मुलीला बँडमधून मोकळं करावं. तिला विचारलं नाही. त्या दिवशी ती शाळेतून आली, बूट रॅकमध्ये नीट ठेवले आणि म्हणाली, "ओके, आई." आदळआपट केली असती तर मी भांडले असते. ओके म्हणणाऱ्या माणसाशी काय भांडणार? पुढे मार्क छान पडले, आणि मी बघ म्हटलं नव्हतं का, असं म्हणूनही घेतलं. लिफ्टमधलं पंप पंप मात्र बंद झालं ते झालंच.

आता ती पुन्हा वाजवत होती आणि मला ते बघायचं होतं. बस, एवढंच. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारचा सामना ठरवून मी रजा टाकली. नवऱ्याच्या ऑफिसात ऑडिट आलेलं, त्याला काही येता येईना. तेव्हा माझ्या दोन मैत्रिणी म्हणाल्या, आम्ही येतो.

या दोघी आणि मी, दर रविवारी सकाळी बेडोकच्या तलावाला फेरी मारतो आणि नंतर हॉकर सेंटर नावाच्या खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत कोपी, म्हणजे इथली कडक कॉफी, प्यायला बसतो. एक तोआ पायोहला राहते. मूळची नागपूरची, इथे प्रयोगशाळेत धातूंवर संशोधन करते आणि सगळ्या गोष्टींकडे संशयानं बघते. दुसरी पासिर रिसला राहते, मूळची पुण्याची, अकाउंटंट. तिला धुळीची ॲलर्जी आहे, त्यामुळे तिच्या पर्समध्ये टिश्यूची पाकिटं कायम डझनानं असतात. आणि ती पाकिटं फक्त नाकासाठी नसतात. हॉकर सेंटरमध्ये टेबल मिळणं मुश्कील, म्हणून इथे आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं आणि मग खाणं आणायला जायचं. ते पाकीट म्हणजे आपण. ते उचलून तिथे बसण्याची कुणाची हिंमत होत नाही. इतक्या वर्षांत आम्हाला यात काही वेगळं आहे असं वाटेनासंच झालं होतं.

पासिर रिसवालीनं अमेरिकन फुटबॉलचा अभ्यास केला, जसा ती नव्या करकायद्याचा करते तसा. रविवारी कोपीचे कप टेबलावर मांडून तिनं आम्हाला समजावलं: चार संधी, त्यात दहा यार्ड पुढे जायचं, गेलो तर पुन्हा चार संधी, नाही गेलो तर चेंडू समोरच्यांकडे. तोआ पायोहवाली म्हणाली, "मग याले फुटबॉल काहून म्हणतात? पाय तर लागतच नाही." पुणेकरीण थोडी चिडली आणि कप पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागली.

आम्ही गुरुवारी सकाळी पोहोचलो. लेक भेटायला आली, मला घट्ट मिठी मारली, दोन्ही मावश्यांच्या पाया पडली, आणि मग तिनं खरं काय ते सांगितलं. ती बँडमध्ये होती, पण राखीव. मैदानात उतरणाऱ्यांची संख्या ठरलेली असते. दर गुरुवारी संध्याकाळी राखीवांपैकी कुणीही मैदानातल्या एखाद्याला आव्हान देऊ शकतो. दोघांनी तेच वाजवायचं, तसंच चालायचं, आणि बँडचे मास्तर ठरवणार कोण उतरणार. या वर्षी तिनं दोनदा आव्हान दिलं होतं आणि दोनदा हरली होती. आज तिसऱ्यांदा देणार होती. हरली तर शनिवारी गणवेश घालून बाकावर बसायचं, दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या.

मी तोंड उघडणार, एवढ्यात तिनं हात वर केला.

"आई, निकाल विचारायचा नाही. धिस टाइम, डोन्ट आस्क. कॅन?"

हे कुठून आलं तेही मला कळलं. तिच्या प्रत्येक निकालाच्या दिवशी मी बँकेतून फोन करायची. हॅलो नाही, जेवलीस का नाही, पहिला प्रश्न ठरलेला: काय गं, काय झालं? मी म्हटलं, "कॅन." म्हणजे, चालेल.

शुक्रवारी आम्ही तिच्याबरोबर जेवलो. मी तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. बँकेत समोरचा माणूस काय लपवतोय ते मला दोन मिनिटांत कळतं, पण ही माझीच मुलगी, तिनं चेहऱ्यावर काही म्हणजे काही येऊ दिलं नाही. दोनदा प्रश्न अगदी जिभेवर आला. दोन्ही वेळा तोआ पायोहवालीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. ती स्पोर्ट्स शूज घालते.

शनिवारी सामना दुपारी बाराचा, आम्ही साडेआठलाच हजर. स्टेडियमबाहेरचं पार्किंग म्हणजे लग्नाचा मांडव झाला होता. गाड्यांच्या डिक्या उघडून लोक शेगड्या पेटवून बसलेले, झाडून सगळे लाल कपड्यांत, आणि कोण कुठले याची काही चौकशी न करता आमच्या हातात प्लेटी देत होते. आम्हीही लालच घातलं होतं. पासिर रिसवालीनं तर लाल पैठणीचा ओढणीसारखा स्कार्फ शिवून घेतला होता. एका धिप्पाड आजोबांनी त्याची इतकी तारीफ केली की ती लाजली. तिला लाजताना मी वीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

गेटवर नियम असा की पिशवी पारदर्शकच हवी. बाकीचे लोक पर्स परत गाडीत ठेवायला धावत होते. आम्ही तिघी आधीच झिपच्या पारदर्शक पिशव्या घेऊन तयार. नियम वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. रखवालदारानं माझी पिशवी बघून अंगठा दाखवला आणि मी जरा मान ताठ करून आत गेले. पासिर रिसवालीच्या पिशवीत टिश्यूची बारा पाकिटं होती. त्यानं ती मोजून बघितल्यासारखं केलं आणि सोडलं.

लेकीनं दिलेली तिकिटं विद्यार्थ्यांच्या भागातली होती. तिथे जागेला नंबर नाहीत, लांबच लांब बाकं, जो आधी येईल तो बसेल. आम्हाला बारावी रांग मिळाली, मैदानाच्या ऐन मध्यावर. स्टेडियम अजून निम्मं रिकामं होतं. मग आम्ही जे दर रविवारी करतो तेच केलं. बाकावर तीन टिश्यूची पाकिटं ओळीनं मांडली, उरलेली नऊ झिपच्या पिशवीसकट शेजारी ठेवली, आणि तिघीही निर्धास्तपणे खाणं आणायला खाली गेलो.

खाली गेल्यावर दुसरी चूक. तिथे पाच-सहा ठेले होते. एकासमोर भली मोठी रांग होती, बाकीच्यांसमोर चार-चार माणसं. सिंगापूरमध्ये माणूस अशा वेळी विचार करत नाही, लांब रांगेत जाऊन उभा राहतो, कारण लांब रांग म्हणजे खाणं चांगलं असणार. चाळीस मिनिटांनी आमचा नंबर आला तेव्हा कळलं की त्या ठेल्याचं यंत्र बिघडलेलं होतं, म्हणून रांग हलत नव्हती. आणि आम्ही चीज घातलेल्या चिप्सचे ट्रे हातात घेत होतो तेव्हाच डोक्यावरचा सिमेंटचा जिना थरथरायला लागला. ढोल, तुताऱ्या, हजारो पायांचा आवाज. बँड आत येत होता. सामन्याआधीही तो एकदा येतो, हे कपांच्या अभ्यासात नव्हतं.

आम्ही धावलो. त्रेपन्नाव्या वर्षी, चीज सांडत, बारा रांगा. वर पोहोचलो तोवर बँड मैदानातून निघून पार दुसऱ्या टोकाच्या बाकांवर बसला होता. राखीव आणि मैदानातले सगळे एकत्र, एकसारखे गणवेश, एकसारख्या तुरेवाल्या टोप्या. आणि आमच्या जागेवर आठ मुलं-मुली उभी होती. एक मुलगा आमच्या टिश्यूनं नाक शिंकरत होता.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी त्या मुलाला इंग्रजीत असं काही सुनावलं की आजूबाजूच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. ही जागा आमची होती, आम्ही पाकिटं ठेवली होती, पाकीट ठेवलं की जागा धरलेली असते, एवढंही शिकवलं नाही का तुम्हाला. तो बिचारा हातातल्या टिश्यूकडे बघत राहिला. म्हणाला, मॅम, आम्हाला वाटलं कुणीतरी फुकट वाटतंय.

पासिर रिसवालीला हसू फुटलं, मग तोआ पायोहवालीला. मी हसले नाही. मी लेकीचं पहिलं उतरणं चुकवलं होतं, किंवा ती उतरलीच नव्हती, आणि यातलं काय खरं ते विचारायची मला बंदी होती. बाकावर मी मटकन बसले आणि त्या पोरांना सगळं सांगून टाकलं. टिश्यूचंही, आणि लेकीचंही, की ती तिथे कुठेतरी बसली आहे, आणि मध्यंतरात मैदानात उतरेल की नाही मला माहीत नाही. पोरं सरकली. आठाची अकरा झाली. नाक शिंकरणाऱ्यानं स्वतःची जागा मला दिली आणि पिशवी टिश्यूंसकट परत केली. म्हणाला, तुमच्या देशात हे खरंच चालतं? मी म्हटलं, लोक फोनसुद्धा ठेवून जातात. ही गोष्ट त्यानं मागच्या रांगेला सांगितली, मागच्यांनी आणखी मागे, आणि थोड्याच वेळात सगळा भाग आम्हाला ओळखायला लागला.

सामना सुरू झाला आणि आम्ही पुन्हा चुकलो. आपल्या संघाकडे चेंडू आला की आम्ही जीव तोडून ओरडायचो, आणि पाहुण्यांकडे गेला की सभ्यपणे गप्प बसायचो. पोरांनी कळवळून हात जोडले. तिकडे उलटं असतं. आपल्या मुलांना आपापसात इशारे ऐकू यायला हवेत म्हणून तेव्हा शांत राहायचं, आणि पाहुण्यांच्या वेळी त्यांना स्वतःचा विचारही ऐकू येऊ नये इतका गोंगाट करायचा. म्हणजे गोंगाट हा इथला नियम होता. नियम म्हटल्यावर माझा नाइलाज. पुढच्या वेळी पाहुण्यांकडे चेंडू गेला तेव्हा मी बाकावर चढले आणि ओरडले, आणि खरं सांगते, इतकं बरं वाटलं. चौथ्या संधीला त्यांचा माणूस दोन यार्डांनी कमी पडला. पासिर रिसवालीनं कप आठवून ओरडून सांगितलं की आता चेंडू आपला. त्या पोरांनी तिला टाळ्या दिल्या.

मग मध्यंतर झालं.

खेळाडू आत गेले आणि समोरच्या टोकाला बँड उभा राहिला. सगळे नाही. काही बाकावर बसूनच राहिले, आणि ते बसलेले लाल ठिपके मी मोजून घेतले. बाकीचे रांगांनी मैदानात आले. ढोल, मग तुताऱ्या, मग सगळ्यांत मागे सूझाफोन, उन्हात चकाकणारी पितळी तोंडं. मी एकेक तोंड बघायला लागले. सगळी सारखी. टोप्या डोळ्यांपर्यंत उतरलेल्या. मला माझी मुलगी ओळखू येईना, आणि मला रडू आलं.

तोआ पायोहवाली म्हणाली, "काहून रडून राहिली? ते भोंगे नको पाहू. पाय पाहा."

ती नागपूरला चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बँडच्या मागे चालत लहानाची मोठी झाली आहे. बँड कसा बघायचा ते तिला माहीत. मी पाय बघायला लागले. सगळे एका तालात उचलले जात होते, गुडघे एका उंचीवर. पण सूझाफोनच्या रांगेत डावीकडून चौथ्या ठिकाणी एक जोडी इतरांपेक्षा जरा लांब टांग टाकत होती, जशी बुटक्या माणसाला उंच माणसांबरोबर चालताना टाकावी लागते. मी तिथून वर बघितलं. पितळी तोंडांच्या सरळ ओळीत त्या जागी एक पायरी खाली होती. चार फूट अकरा इंच. आमच्या घरच्या दाराच्या चौकटीवर मीच पेन्सिलनं खूण केली आहे.

"ती बघ," एवढंच मला म्हणता आलं.

ती वाजवत होती. तिचा आवाज त्या सगळ्यांत वेगळा ऐकू येणं शक्य नव्हतं, पण खालचा जो जाड सूर पोटात घुमत होता त्यात तिचा वाटा होता. पंप पंप पंप. मला वाटलं, हे मी चार ओळींत बंद केलं होतं. माझ्यासारखी मूर्ख मीच. आणि लगेच वाटलं, बंद पडलंच नाही की, ही बघा वाजवतेय. मी हसत होते की रडत होते कुणास ठाऊक, पण मी उडी मारत होते हे नक्की, कारण बाक हलत होता.

आता मला दुसरी हाव सुटली. तिनं मला बघावं. सगळं स्टेडियम लाल, आम्ही लाल, ती मैदानात, तिला आम्ही काय दिसणार? तेव्हा पासिर रिसवालीनं पिशवी उघडली. तिनं एक टिश्यू पूर्ण उलगडून वर धरला आणि हलवायला लागली. मग आम्ही दोघींनी. नाक शिंकरणाऱ्या मुलानं काय चाललंय ते बघितलं, पिशवी तिच्या हातातून जवळजवळ ओढलीच, आणि पाकिटं पुढच्या-मागच्या रांगांकडे फेकली. दहावी, अकरावी, तेरावी, पार विसाव्या रांगेपर्यंत पांढरे टिश्यू वर गेले आणि फडफडायला लागले. त्या सगळ्या लाल गर्दीत एवढाच एक पांढरा तुकडा. ती मुलं तिचं नाव मला विचारून तिच्या नावानं ओरडत होती, आणि उच्चार साफ चुकीचा करत होती.

बँडच्या मुलांना इकडेतिकडे बघायची परवानगी नसते. ती सरळ समोर बघत गेली, वळली, रांगेबरोबर बाहेर पडली. मी समजूत घातली की असू दे, मी तिला बघितलं ना.

सामना आम्ही जिंकलो. मी आम्ही म्हणते आहे. शेवटच्या मिनिटाला पाहुण्यांनी चेंडू घेऊन धडक मारली, आणि आमच्या बाजूच्या गोंगाटात त्यांच्या मुलांना इशारा ऐकूच आला नाही. त्या गोंगाटात माझा घसा होता.

नंतर आम्ही पार्किंगमध्ये तिची वाट बघत उभ्या राहिलो. ती आली, टोपी काखेत, केस कपाळाला चिकटलेले, डाव्या खांद्यावर सूझाफोनचा लाल वळ. मावश्यांनी तिला इतकं कुरवाळलं की माझा नंबर उशिरा लागला. माझ्याजवळ येऊन तिनं खिशातून एक चुरगळलेला टिश्यू काढला. मैदानाच्या कडेला उडून आला होता म्हणे.

"आई, मी हॉर्नखालून बघितलं. आख्ख्या अमेरिकेत एवढे टिश्यू कोण आणणार, लाह?" तिचं सिंगापूरचं लाह अजून सुटलं नव्हतं.

मी बसलेल्या घशानं तिला सांगितलं, "तुझा बँड मी बंद केला होता. तुला न विचारता. ते चुकलं माझं."

मला वाटलं, आता पुन्हा ओके म्हणेल. तसं म्हणाली नाही. टोपी गाडीच्या टपावर ठेवली आणि म्हणाली, "आता विचार."

"काय?"

"निकाल. तू नेहमी विचारतेस ना, तसा."

मी फोनवर विचारायची तसंच विचारलं, काय गं, काय झालं? आणि तिनं गुरुवारच्या संध्याकाळपासून सुरुवात केली. समोरचा मुलगा सहा फुटी होता, पहिल्याच वळणावर तिचा पाय अडखळला, तिला वाटलं संपलं, मग तिनं लिफ्टमध्ये वाजवायची तसं डोळे मिटून वाजवलं, आणि मास्तरांनी यादीत त्याच्या जागी तिचं नाव लिहिलं. सगळं पार्किंग रिकामं होईपर्यंत ती सांगत होती आणि मी एकदाही मध्ये बोलले नाही.